गटवारीचा नकाशा आणि चाहत्याचा खिसा

एप्रिल उजाडला, की कॅनडातील शहरांमध्ये रस्त्यांवरचा बर्फ वितळू लागतो आणि बर्फावरच्या हॉकीला मात्र खरा रंग चढतो. मोटारींवर आपापल्या संघांचे झेंडे फडकतात, उपाहारगृहांतील दूरचित्रवाणी संचांसमोर रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. हॉकी म्हटले, की भारतीयांच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद उभे राहतात. उत्तर अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ आइस हॉकी असाच घेतला जातो. तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांनाही या खेळाचे वेड लागले आहे. २००८ पासून कॅनडात या सामन्यांचे समालोचन पंजाबीतूनही होऊ लागले, ही त्याचीच खूण.

या खेळातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात ‘एनएचएल’. १९१७ मध्ये मॉन्ट्रियल येथे स्थापन झालेल्या या लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. त्यांपैकी सात कॅनडातील आणि उरलेले २५ अमेरिकेतील. यांतील एखाद्या संघाच्या निष्ठावंत चाहत्याशी एप्रिलमध्ये बोलायला गेले, तर तीन तक्रारी हमखास ऐकायला मिळतात. बाद फेरीची रचना अन्यायकारक आहे, तिकिटे परवडत नाहीत आणि आपला संघ चुकीच्या गटात टाकला आहे. वरवर पाहता या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. मात्र थोडे खोलात गेले, की तिन्हींचे मूळ एकाच प्रश्नापाशी येते. लीगचा नकाशा कोण आखतो आणि कोणाच्या सोयीसाठी?

बाद फेरीचे गणित

लीगमधील संघ पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत वाटलेले आहेत आणि प्रत्येक विभागात आठ-आठ संघांचे दोन गट आहेत. प्रत्येक संघ मोसमात ८२ साखळी सामने खेळत आला आहे. २०२५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात २०२६-२७ च्या मोसमापासून ही संख्या ८४ करण्याचे ठरले. विजयाला दोन गुण मिळतात आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलेल्या संघालाही एक गुण मिळतो. साखळी संपली, की प्रत्येक गटातील पहिले तीन संघ बाद फेरीत जातात. शिवाय प्रत्येक विभागातून गुणांच्या आधारे आणखी दोन संघ ‘वाइल्ड कार्ड’ने आत येतात. अशा १६ संघांमधून स्टॅन्ले चषकाचा मानकरी ठरतो. प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे आणि अशा चार फेऱ्या पार करायच्या. म्हणजेच चषक उंचावण्यासाठी १६ विजय हवेत.

ही रचना २०१३-१४ पासून लागू आहे. तिच्यातील मेख अशी, की गटातील दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांना पहिल्याच फेरीत एकमेकांशी झुंजावे लागते. एखाद्या गटात तीन बलाढ्य संघ एकत्र आले, तर त्यांपैकी एक लगेच घरी जातो आणि दुसरा बहुतेक वेळा पुढच्याच फेरीत. २०१७ चे उदाहरण चाहते आजही देतात. त्या वर्षी वॉशिंग्टनने ११८, पिट्सबर्गने १११ आणि कोलंबसने १०८ गुण मिळवले. संपूर्ण लीगमधील पहिल्या चार संघांत हे तिघेही होते, पण ते एकाच गटातले. त्यामुळे कोलंबसला पहिल्याच फेरीत पिट्सबर्गशी लढावे लागले आणि तेही पाहुणा म्हणून. कोलंबसचा संघ पाच सामन्यांत बाद झाला. पुढच्याच फेरीत पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन समोरासमोर आले आणि लीगमधील अव्वल संघालाही घरी जावे लागले. दुसऱ्या गटात मात्र ९८ गुणांचा ओटावा आणि ९५ गुणांचा बोस्टन यांच्यात पहिली फेरी झाली. तेथे घरच्या मैदानाचा लाभही ओटावाला मिळाला. २०२५ मध्ये डॅलस आणि कोलोराडो या शंभरहून अधिक गुण मिळवणाऱ्या संघांची गाठही अशीच पहिल्या फेरीत पडली.

इंडियन प्रीमियर लीगचा परिचय असलेल्या वाचकाला यातील फरक सहज कळेल. तेथे गुणतक्त्यातील पहिल्या दोन संघांना हरल्यानंतरही आणखी एक संधी दिली जाते. साखळीतील कष्टांचे मोल त्यातून राखले जाते. ‘एनएचएल’मध्ये पहिल्या क्रमांकाचे बक्षीस एवढेच, की सातवा सामना घरच्या मैदानावर होतो. त्याने फारसे संरक्षण मिळतेच असे नाही. २०२२-२३ मध्ये बोस्टनने ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला. पूर्व विभागातून सर्वांत शेवटी आत आलेल्या फ्लोरिडाने त्यांना पहिल्याच फेरीत गारद केले. अशा धक्क्यांबद्दल मात्र चाहत्याची तक्रार नसते. बर्फावर झालेला पराभव तो पचवतो. कागदावर आधीच झालेला पराभव त्याला सलतो.

नकाशा बदलण्याचा इतिहास

गटवारीत सोय आणि न्याय यांची ओढाताण जुनीच आहे. १९४२ पासून पाव शतक लीगमध्ये सहाच संघ होते. १९६७ मध्ये एकदम सहा नवे संघ घेतले गेले आणि ते सगळेच्या सगळे पश्चिम गटात ठेवण्यात आले. त्यामुळे नव्या संघांपैकी एकाला अंतिम फेरीची हमी मिळाली. परिणाम व्हायचा तोच झाला. सेंट लुईसचा संघ १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा एकही सामना न जिंकता हरला. पुढे १९८० आणि १९८१ मध्ये गट बाजूला ठेवून १ ते १६ अशी थेट क्रमवारी लावून बाद फेरी खेळवली गेली. ही पद्धत सर्वांत न्याय्य होती. पण देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वारंवार विमानप्रवास करणे संघांना जड गेले आणि १९८२ पासून गटांतर्गत बाद फेरी सुरू झाली.

या गटांतर्गत पद्धतीनेच या खेळाला त्याची सर्वांत कडवी वैरे दिली, हेही मान्य केले पाहिजे. एडमंटन आणि कॅल्गरी ही अल्बर्टा प्रांतातील दोन शहरे. १९८३ ते १९९० या सलग आठ वर्षांत त्यांच्या विभागातून अंतिम फेरीत गेलेला संघ या दोहोंपैकीच एक होता. शेजाऱ्याशी वारंवार गाठ पडते, जुने हिशेब चुकते करायचे असतात आणि स्टेडियम भरते. सध्याच्या रचनेचे समर्थक याच आठवणींवर बोट ठेवतात.

तथापि वैर काही नकाशावरच्या रेषेने निर्माण होत नाही आणि रेष पुसली, तर ते टिकतेच असेही नाही. डेट्रॉइट आणि शिकागो हे दोन्ही संघ १९२६ पासूनचे. २०१३ च्या फेररचनेत डेट्रॉइटला पूर्व विभागात हलवण्यात आले. डेट्रॉइटची मागणीही तशीच होती. लॉस एंजलिसमधील सामना डेट्रॉइटच्या घड्याळात रात्री साडेदहाला सुरू होई आणि शाळकरी मुले आपल्या संघाचा खेळ न पाहताच झोपी जात. नव्या व्यवस्थेत ही अडचण दूर झाली. पण त्याच वर्षी सात सामन्यांपर्यंत रंगलेली शिकागोविरुद्धची लढत ही या दोघांची एकाच विभागातील अखेरची लढत ठरली. आता बाद फेरीत त्यांची गाठ पडायची, तर दोघांनीही थेट अंतिम फेरी गाठायला हवी. फेररचनेने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, ते असे.

विनिपेगची कहाणी

या ओढाताणीची किंमत काय असते, हे विनिपेगइतके क्वचितच कोणत्या शहराला ठाऊक असेल. मॅनिटोबा प्रांतातील या शहराचा ‘जेट्स’ हा संघ १९९६ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स येथे हलवण्यात आला. त्याच्या आदल्या वर्षी क्यूबेकचा संघ कोलोराडोत गेला होता आणि १९९७ मध्ये हार्टफर्डनेही आपला संघ गमावला. विनिपेगला पंधरा वर्षे वाट पाहावी लागली. २०११ मध्ये अॅटलांटाचा डबघाईला आलेला संघ तेथे आणण्यात आला. मोसमाची १३ हजार तिकिटे खपवण्याचे लक्ष्य ठेवले गेले आणि सर्वसामान्यांसाठी विक्री खुली होताच उरलेली तिकिटे काही मिनिटांत संपली.

पण अॅटलांटाचा संघ आग्नेय गटात होता, म्हणून विनिपेगलाही पहिली दोन वर्षे त्याच गटात खेळावे लागले. कॅनडाच्या गोठलेल्या मध्यभागातील या संघाचे ‘गटशेजारी’ फ्लोरिडा, टॅम्पा, कॅरोलायना आणि वॉशिंग्टन. विनिपेगहून मायामी तीन हजार किलोमीटरच्या आसपास. फेररचनेचा प्रस्ताव २०११ च्या अखेरीस आला होता, पण खेळाडूंच्या संघटनेने त्याला संमती दिली नाही. अखेर २०१३ मध्ये विनिपेगला मध्य गटात जागा मिळाली.

एवढ्या आर्ततेने परत मिळवलेल्या संघाचे पुढे काय झाले? फेब्रुवारी २०२४ मध्ये संघमालकांनी जाहीरपणे सांगितले, की मोसमी तिकीटधारकांची संख्या १३ हजारांवरून साडेनऊ हजारांच्या जवळ आली आहे आणि हे चित्र फार काळ चालणार नाही. एकदा संघ गमावलेल्या शहराला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. करोनाकाळातील बंद दरवाजे, महागाई आणि तिकिटांचा वाढता बोजा यांनी कुटुंबांचे हिशेब बदलले होते. विशेष म्हणजे संघ तेव्हा उत्तम खेळत होता आणि २०२४-२५ मध्ये तर ११६ गुणांसह तो संपूर्ण लीगमध्ये पहिला आला.

तिकीट कोणासाठी?

या लीगमध्ये तिकीटविक्रीला एवढे महत्त्व का, हेही समजून घ्यायला हवे. अमेरिकन फुटबॉलसारख्या खेळांच्या तुलनेत हॉकीला दूरचित्रवाणीचे उत्पन्न कमी मिळते. त्यामुळे संघाची मदार प्रवेशद्वारावरच्या कमाईवर अधिक असते. त्यातही बाद फेरीचे सामने म्हणजे सुगी. खेळाडूंचे वेतन साखळी मोसमापुरते असते. बाद फेरीसाठी त्यांना केवळ एका सामाईक निधीतून बक्षीस मिळते. साहजिकच घरच्या प्रत्येक जादा सामन्याची कमाई संघमालकाच्या पदरात मोठ्या प्रमाणात पडते आणि प्रत्येक फेरीगणिक तिकिटाचे दर चढतात. मोसमी तिकीटधारकाला बाद फेरीत प्राधान्य मिळते, पण तेही वाढीव दराने. उरलेल्यांना पुनर्विक्रीच्या बाजाराकडे वळावे लागते. तेथे मूळ किमतीला अर्थ उरत नाही.

सरकारांनी यात हस्तक्षेप करून पाहिला. टोरांटो ज्या प्रांतात आहे, त्या ऑन्टारिओने २०१७ मध्ये कायदा करून पुनर्विक्रीतील नफ्यावर मूळ किमतीच्या ५० टक्क्यांची मर्यादा घातली. पुढच्या वर्षी सत्तांतर झाले, या तरतुदीची अंमलबजावणी थांबली आणि नंतर ती रद्दच झाली. १९६७ नंतर स्टॅन्ले चषकाचे दर्शन न झालेल्या टोरांटोत २०२५ पर्यंतही प्रतीक्षा संपली नव्हती, तरी तिकिटे मात्र लीगमधील सर्वांत महागड्या तिकिटांत मोडत होती. ज्यांना ती परवडत नाहीत, असे हजारो लोक बाद फेरीच्या काळात स्टेडियमबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर उभे राहतात.

गटवारी आणि तिकीट यांची गाठ कशी पडते, ते फ्लोरिडात दिसते. फ्लोरिडातील दोन्ही संघ टोरांटो, मॉन्ट्रियल आणि बोस्टन यांच्या गटात आहेत. नकाशावर हे विचित्र वाटते. पण कॅनडातील आणि ईशान्य अमेरिकेतील हजारो कुटुंबे थंडीत फ्लोरिडात मुक्कामाला असतात आणि आपला संघ तेथे आला, की स्टेडियम भरतात. साखळीत हे पाहुणे हवेहवेसे असतात. बाद फेरी आली, की तेच नकोसे होतात. २०१५ मध्ये टॅम्पा बेने बाद फेरीच्या तिकिटांची विक्री फ्लोरिडातील रहिवाशांपुरती मर्यादित ठेवली. २०२३ मध्ये टोरांटोशी गाठ पडताच फ्लोरिडा पँथर्सने सुरुवातीची विक्री अमेरिकेतील रहिवाशांसाठीच राखून ठेवली. ज्यांच्या खिशाकडे पाहून गट आखला, त्यांनाच दाराबाहेर उभे करण्याचा हा प्रकार होता.

उपाय आणि त्याची किंमत

सुधारणेचे मार्ग अज्ञात नाहीत. १९९४ ते २०१३ या काळात प्रत्येक विभागात १ ते ८ अशी क्रमवारी लावली जाई. ती पुन्हा आणली, तर दोन बलाढ्य संघ पहिल्याच फेरीत भिडण्याची शक्यता बरीच घटेल. प्रवासही फारसा वाढणार नाही, कारण लढती विभागातच राहतील. निर्धारित वेळेतील विजयाला तीन गुण द्यावेत, ही मागणीही जुनी आहे. वैर टिकवायचे, तर ते साखळीच्या वेळापत्रकात अधिक सामने देऊनही टिकवता येते. मात्र त्यातही मर्यादा हवी. २००५ ते २००८ या काळात गटांतर्गत सामन्यांचा इतका अतिरेक झाला, की दुसऱ्या विभागातील अनेक संघ एखाद्या शहरात तीन वर्षांतून एकदाच येत. सिडनी क्रॉस्बी आणि अलेक्झांडर ओव्हेच्किन यांच्या उमेदीच्या काळात पश्चिमेकडील चाहत्यांना त्यांचे दर्शन दुर्मीळ झाले. प्रत्येक संघाने प्रत्येक शहरात दर मोसमात किमान एकदा यावे, हा २०१३ मधील बदल म्हणूनच चाहत्यांना भावला.

चाहत्याला या निर्णयांत मत नाही. संघमालक आणि खेळाडूंची संघटना मिळून नकाशा आखतात. चाहत्यापाशी असते ते केवळ तिकीट घेण्याचे किंवा न घेण्याचे स्वातंत्र्य. तेही त्याला धड वापरता येत नाही. तिकीट घेतले, तर चढा दर त्याला मान्य आहे असे समजले जाते. न घेतले, तर विनिपेगसारख्या शहरात संघच हातचा जाण्याची धास्ती असते. बाद फेरीची रचना आज ना उद्या बदलेल, गट पुन्हा आखले जातील. ते करताना, संघ खेळो वा न खेळो, बर्फ पडो वा वितळो, तीस-तीस वर्षे एकाच रांगेत बसणाऱ्या या माणसाचा हिशेब मांडला जाणार की नाही, हे त्या नकाशाला विचारले गेले पाहिजे.