अंकांतून पुन्हा स्वर

घरांतील वडील माणसांचा आवाज जपून ठेवावा, ही इच्छा आतां बहुतेक कुटुंबांत दिसूं लागली आहे. आजीच्या ओव्या, आजोबांचें स्तोत्रपठण, मंगळागौरीचीं गाणीं, एखाद्या काकूंनीं सांगितलेली हरतालिकेची कहाणी, हें सर्व मुलें ध्वनिमुद्रित करून घेतात व संगणकांत सांठवितात. ही गोष्ट स्तुत्य खरी. परंतु मुद्रण झालें म्हणजे काम संपलें, अशी जी समजूत आहे ती मात्र घातक आहे. जें मुद्रित झालें तें गाणारें माणूस जवळ असतांनाच नीट ऐकून पाहिलें पाहिजे, आणि नीट ऐकावयाचें तर त्यास योग्य साधन पाहिजे. ह्या साधनांतील एक लहानसा, स्वस्त, परंतु पुष्कळांस अपरिचित असा दुवा म्हणजे अंकांचा स्वर करणारा कन्व्हर्टर होय. त्याचीच माहिती ह्या लेखांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

ह्या विषयाचें मोल कळण्यास जात्यावरच्या ओव्यांचें उदाहरण पुरेसें आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ ह्या दोघांनीं, गांवोगांवच्या बायकांच्या साहाय्यानें, पुणें जिल्ह्यांतील मुळशीच्या डोंगराळ भागापासून आरंभ करून एक हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल ह्या संगीतशास्त्रज्ञांच्या साहाय्यानें त्यांपैकीं कित्येक ओव्या गाणाऱ्या बायकांच्याच आवाजांत मुद्रित झाल्या. आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' ही संस्था तो संग्रह सर्वांपुढें ठेवीत आली आहे. कागदावर ओवीचे शब्द उतरतात. परंतु ओढून धरलेला स्वर, दोन ओळींमधला श्वास आणि खालीं चाललेली जात्याची घरघर हीं केवळ ध्वनिमुद्रणांतच राहतात.

आमच्या भंडारदऱ्याच्या परिसरांत, कळसूबाई व रतनगड ह्यांच्या पायथ्याच्या वाड्यांतून, आतां पीठ विजेच्या गिरणीवर दळलें जातें. जातें बहुतेक लग्नाच्या हळदीपुरतें उरलें आहे. ओव्या ज्यांच्या तोंडीं आहेत त्या बायका सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत. अशा बाईस जात्यावर बसवून नातवानें मुद्रण केलें व तें मोबाइलवर ऐकून 'छान आलें' म्हणून ठेवून दिलें, तर काय होतें तें पाहा. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यांत खालचे स्वर जवळजवळ उमटतच नाहींत. म्हणून जात्याची घरघर शब्दांवर चढली आहे कीं काय, पंख्याचा घूंकार आवाजाखालीं सांपडला आहे कीं काय, हें त्यावर कळत नाहीं. दोन वर्षांनीं कोणी मोठ्या कर्ण्यावर तें लावावें, दोष तेव्हां लक्षांत यावा, आणि तोंवर गाणारी निघून गेलेली असावी! मग तो दोष कोणत्याहि द्रव्यानें भरून निघत नाहीं.

मोजलेला नाद

संगणकांत आवाज सांठवितात म्हणजे काय करतात? येथील विल्सन धरण १९२६ सालीं पूर्ण झालें. धरणाच्या पाण्याची पातळी ठराविक वेळीं मोजून नोंदवहींत लिहितात. पाणी अखंड चढत असतें. वहींत मात्र सुटे आंकडे पडतात. ते आंकडे आलेखाच्या कागदावर मांडून त्यांमधून रेघ काढली, म्हणजे आषाढांत पाणी कसें चढलें तें डोळ्यांपुढें उभें राहतें. नादाचेंहि तसेंच आहे. मायक्रोफोनमधून येणारा विजेचा चढउतार अत्यंत त्वरेनें मोजावयाचा व प्रत्येक मोजमाप अंकांत लिहावयाचें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं हें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां घेतात, आणि प्रत्येक वेळीं ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एक पायरी नोंदवितात.

हा आंकडा मनःपूत घेतलेला नाहीं. जें कंपन टिपावयाचें त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजलें म्हणजे मूळ नाद जसाच्या तसा परत मिळूं शकतो, असा सिद्धांत आहे. क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञानें १९४९ सालीं आपल्या निबंधांत त्याची सिद्धता दिली. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, व वार्धक्यांत त्याहूनहि पुष्कळ कमी. तेव्हां ४४,१०० हें प्रमाण पुरेसें होतें.

वेदपठणाशीं परिचित असलेल्या वाचकांस हें दुसऱ्या रीतीनेंहि सांगतां येईल. संहितापाठ अखंड असतो. पदपाठांत त्याचींच पदें सुटीं करून म्हणतात. आणि संधीचे नियम जाणणारा पदांवरून पुन्हा संहिता सिद्ध करतो. संगणकांतील अंक हा नादाचा पदपाठ होय. कर्ण्यास मात्र पदपाठ कळत नाहीं. त्यास विजेची अखंड लहरच पाहिजे. अंकांवरून ती लहर सिद्ध करणें, त्यांत पदरचें कांहीं न घालतां व मुळांतलें कांहीं न गाळतां, एवढेंच कन्व्हर्टरचें काम. बाजारांत त्यास 'डॅक' म्हणतात.

कोणास हवा, कोणास नको

मायक्रोफोनची तार ज्यांत खोंवतात व जें संगणकास जोडतात तें लहान यंत्र म्हणजे ऑडिओ इंटरफेस. ध्वनिमुद्रणगृहांत ऐकण्यासाठीं जे कर्णे वापरतात ते स्टुडिओ मॉनिटर. साध्या कर्ण्यांत आवाज गोड लागावा म्हणून कांहीं स्वर फुगविलेले असतात. मॉनिटर तसें करीत नाहींत. चांगल्या परीक्षकाप्रमाणें ते चूक झांकीत नाहींत, हाच त्यांचा गुण.

बहुतेक इंटरफेसमध्यें डॅक आंतच असतो, व त्यांतून मॉनिटरकडे सरळ तार नेतां येते. असें असेल तर निराळा कन्व्हर्टर घेण्याचें कारण नाहीं. परंतु तीं बाहेरचीं छिद्रें बिघडलेलीं असलीं, दुसऱ्या कामांत गुंतलेलीं असलीं, किंवा संगणकाच्या तारेवाटे मॉनिटरमध्यें घूंकार शिरत असला, तर इंटरफेसच्या डिजिटल छिद्रांतून अंक बाहेर काढावे व स्वस्त कन्व्हर्टरमधून ते मॉनिटरकडे न्यावे. असे साधे कन्व्हर्टर हजार रुपयांच्या आंतहि मिळतात; एवढ्यासाठीं नवा इंटरफेस घ्यावा लागत नाहीं.

जोडणी

अंक नेण्याचे दोन मार्ग असतात. एक तांब्याच्या तारेचा, तो कोअॅक्शियल. दुसरा प्लास्टिकच्या तंतूंतून जाणाऱ्या लाल प्रकाशाचा, तो ऑप्टिकल. हा दुसरा मार्ग तोशिबा कंपनीनें १९८३ सालीं प्रचारांत आणला, म्हणून त्यास टॉसलिंक म्हणतात. दोन्हींवरून जाणारे अंक तेच; परंतु प्रकाशाच्या मार्गांत विजेचा संबंध तुटतो, म्हणून संगणकाकडचा घूंकार त्यावाटे पलीकडे जात नाहीं. आमच्या मतें घरगुती कामास हाच पत्करावा. नव्या तारेच्या दोन्ही टोंकांस बारीक टोपणें असतात, तीं काढावयास विसरूं नये. आणि तार तीव्र कोनांत वांकवूं नये.

येथें एक अडचण पुष्कळांस चकविते. कित्येक इंटरफेसचें ऑप्टिकल छिद्र दोन भाषा बोलतें. एक एसपीडीआयएफ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन ध्वनींची. दुसरी अॅडॅट, म्हणजे आठ ध्वनींची. स्वस्त कन्व्हर्टरास पहिलीच कळते. लाल प्रकाश दिसतो पण आवाज येत नाहीं, असें झाल्यास यंत्र मोडलें असें मानूं नये; इंटरफेसच्या संगणकावरील पटलांत जाऊन ऑप्टिकलची भाषा एसपीडीआयएफ करावी. तेंच टेलिव्हिजनवरून अंक घेतले तर तेथें 'पीसीएम' हा पर्याय निवडावा. मोजमापाचें प्रमाणहि ४४,१०० किंवा ४८,००० ठेवावें. ओव्या व कहाण्या ह्यांस त्याहून अधिकाची गरज नाहीं.

कन्व्हर्टरमधून निघालेल्या लाल-पांढऱ्या तारा मॉनिटरला लावावयाच्या. मॉनिटरला तसलीं छिद्रें नसल्यास योग्य टोंकाची तार दुकानांतून मागून घ्यावी, व ती शक्य तितकी आंखूड ठेवावी. कारण घूंकार ह्याच तारेंत शिरतो. कन्व्हर्टरला पांच व्होल्टची वीज लागते. बरोबर आलेला चार्जर हलका असून कुरकुर करीत असेल तर मोबाइलचा चांगला चार्जर लावून पाहावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना पुढें आहे. इंटरफेसवरील आवाजाची कळ डिजिटल छिद्रावर पुष्कळदां चालत नाहीं, आणि स्वस्त कन्व्हर्टरला स्वतःची कळ नसते. म्हणून आवाज पूर्ण जोरानें अकस्मात् फुटण्याचा संभव असतो. घरांत तान्हें मूल किंवा वृद्ध मनुष्य असल्यास हें विशेष जपावें. मॉनिटरच्या मागील कळी प्रथम अगदीं खालीं आणाव्या; सर्व जोडून झाल्यावर मॉनिटर शेवटीं चालू करावे, आणि बंद करतांना तेच आधीं बंद करावे. आमच्याकडील वळवाच्या पावसांत वीज कडाडूं लागली कीं सर्वच तारा भिंतींतून काढून ठेवाव्या.

ऐकणारी खोली

दोन मॉनिटर व ऐकणारा ह्यांचा समभुज त्रिकोण व्हावा, वरचा बारीक कर्णा कानाच्या उंचीस यावा, आणि मॉनिटर भिंतीस चिकटवूं नयेत, नाहींतर खालचे स्वर फुगतात. उघड्या भिंतीवरून आवाज परततो. पुस्तकांचें कपाट, भिंतीवर टांगलेली गोधडी, जमिनीवर सतरंजी एवढ्यानें पुष्कळ काम भागतें. महाग कन्व्हर्टरानें जेवढा फरक पडेल त्याहून कितीतरी अधिक ह्या गोधडीनें पडतो, हें गृहिणींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

मग ज्या आजीनें गाइलें तिलाच त्रिकोणाच्या टोंकाशीं बसवावें आणि तिचें गाणें तिला ऐकवावें. शब्द जात्याखालीं दबला असेल तर मायक्रोफोन तोंडाजवळ आणून, जात्यापासून दूर सारून, तीच ओवी पुन्हा म्हणवून घ्यावी. एखादा चरण चुकला असेल तर तो तिच्याच ध्यानांत येईल, आणि विसरलेली दुसरी ओवी तिला त्यावरून आठवेल, हा लाभ निराळाच. संग्रह करणाऱ्यांनीं गांवोगांव हिंडून केलेलें काम प्रत्येक घरास करतां येणार नाहीं. परंतु आपल्या घरांतील एका कंठापुरतें तें करणें कोणासहि अशक्य नाहीं. येत्या श्रावणांत मुली माहेरीं आल्या कीं हें काम आरंभावें, आणि मुद्रण झाल्या दिवशींच तें ऐकून पाहण्याचा नेम ठेवावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.