झोपायची परीक्षा

परीक्षा म्हटलं की पोटात गोळा येतो ना? पण आज मी तुम्हांला एका वेगळ्याच परीक्षेबद्दल सांगणार आहे. तिच्यात पाढे नाहीत, पेपर नाही, नापास होण्याची भीती नाही. जायचं, अंथरुणावर आडवं व्हायचं आणि मस्तपैकी झोपायचं! काय, खोटं वाटतं? मग ऐका तर.

कणकवलीजवळच्या आमच्या शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. तिसरीतला. स्वभावाने गोड, पण प्रार्थना होऊन तास-दीड तास झाला की त्याची मान खाली जायची. आता जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमचा अर्धा वर्ग पेंगतो. रात्रभर दशावतार बघितल्यावर दुसरं काय होणार! पण हा रोजच पेंगायचा. मुलं त्याला 'कुंभकर्ण' म्हणायची. आणि खरं सांगू? एकदा मीही त्याला उभं केलं आणि म्हटलं, "उठा, कुंभकर्ण महाराज!" सगळा वर्ग हसला. तो मात्र हसला नाही.

पुढे पालकसभेला त्याची आई आली. मी लगेच तक्रार केली, "याला रात्री लवकर झोपवत जा." ती म्हणाली, "बाईनू, तो आठ वाजताच झोपता. पण रात्रभर घोरता. मधीच गप रवता आणि मगे दचकान उठता."

माझ्या मनात चर्र झालं. म्हणजे हा मुलगा आळशी नव्हताच. रात्रभर अंथरुणात असूनही त्याची झोप होत नव्हती!

मुलांच्या डॉक्टरांनी त्याचा घसा बघितला. घशात दोन्ही बाजूंना टॉन्सिल्स असतात आणि नाकाच्या मागच्या बाजूला ॲडेनॉइड नावाचा मांसल भाग असतो. हे वाढले की श्वासाची वाट अरुंद होते. जागेपणी फारसं कळत नाही. पण झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट अधूनमधून बंदच होते. शरीराला प्राणवायू कमी पडतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, "अरे, ऊठ, श्वास घे!" मुलगा क्षणभर जागा होतो, श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. या आजाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. अशी झोप सारखी मोडली तर दिवसा डुलक्या येतात, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही.

पण श्वास खरंच अडकतो का, किती वेळा अडकतो, हे नुसतं घसा बघून कसं कळणार? त्यासाठी रात्रभराची तपासणी करावी लागते. तिचं नाव पॉलिसोम्नोग्राफी. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे 'स्लीप स्टडी' म्हणतात. त्यासाठी मायलेक फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेले.

जायच्या आधी तो माझ्याकडे आला नि हळूच म्हणाला, "बाई, शॉक देतत काय?" तुमच्याही मनात हेच आलं ना? तर नाही! तारा शरीरात वीज सोडत नाहीत. त्या फक्त आतली हालहवाल टिपतात. डोक्याला चिकटवलेल्या तारा मेंदूचे सूक्ष्म विद्युतसंदेश टिपतात. डोळ्यांजवळच्या तारा डोळ्यांची हालचाल, हनुवटीवरच्या आणि पायांवरच्या तारा स्नायूंची हालचाल टिपतात. छातीला आणि पोटाला पट्टा असतो, नाकापाशी बारीक नळी असते आणि बोटाला चिमटा. हा चिमटा तुम्ही २०२०च्या करोनाच्या दिवसांत पाहिला असेल. तोच तो, रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर! ताकुओ आओयागी या जपानी संशोधकाने त्यामागचं तत्त्व १९७४ मध्ये मांडलं. सुई नाही, दुखणं नाही. आई किंवा बाबा जवळच असतात. रात्री लघवीला लागली तर सांगायचं. तारा जोडलेली डबी सोडवून देतात.

आणि एक गंमत सांगते. झोपेच्या अभ्यासात एका आठ वर्षांच्या मुलाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी संशोधन करत होता. १९५१च्या डिसेंबरात त्याने आपल्या मुलालाच, आर्मंडला, तारा लावून झोपवलं. यंत्र जुनं होतं. मध्येच कागदावरचा काटा जोरजोरात हलू लागला, जसा काही मुलगा जागा होऊन इकडेतिकडे बघतोय. बाबा खोलीत गेले, तर आर्मंड गाढ झोपलेला! आधी त्यांना वाटलं, यंत्रच बिघडलंय. पण नाही. झोपेत बंद पापण्यांखाली डोळे भरभर फिरतात आणि आपली रंगतदार स्वप्नं बहुतेक त्याच वेळी पडतात, असं पुढे कळलं. ॲसेरिन्स्की आणि त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये हा शोध जगापुढे मांडला.

या परीक्षेला अभ्यास नसला तरी तयारी मात्र हवी. ती अशी :

१. आदल्या आठवड्यात रोज किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, ते वहीत लिहा.

२. त्या दिवशी केस धुऊन जा. डोक्याला खोबरेल अजिबात नको! तेल असलं की तारा चिकटत नाहीत. नखांना रंग असेल तर काढून टाका.

३. दुपारी झोपू नका. दुपारनंतर चहा, कॉफी, कोला बंद.

४. सुटसुटीत कपडे घाला. आपली उशी किंवा आजीची गोधडी बरोबर न्या.

५. चालू औषधं डॉक्टरांना सांगा; आपल्या मनाने बंद करू नका. सर्दी-ताप असेल तर आधी कळवा.

६. घरी तालीम करा. कपाळाला चिकटपट्टी लावा, छातीभोवती ओढणी बांधा आणि थोडा वेळ पडून राहा.

आमच्या पठ्ठ्याने ही तालीम केली होती. तिथे आरशात बघून तो म्हणाला म्हणे, "आये, मी दशावतारातलो राक्षस दिसतंय!"

छोटं यंत्र घरी नेऊनही अशी तपासणी करता येते. त्यात तारा कमी असतात. पण ती सहसा मोठ्या माणसांसाठी. मुलांची तपासणी बहुधा केंद्रातच करतात. मुलांसाठी मोजमापही कडक असतं. मोठ्यांचा श्वास तासाला पाचपेक्षा कमी वेळा अडकला तर डॉक्टर त्याला आजार म्हणत नाहीत. मुलांचा मात्र तासाला एकापेक्षा जास्त वेळा अडकला तरी ते लक्ष घालतात.

आमच्या मुलाचा श्वास त्याहून कितीतरी जास्त वेळा अडकत होता. त्याचे टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड काढले. काही आठवड्यांनी तो वर्गात ताठ बसू लागला. मग मी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हटलं, "बाळा, माझं चुकलं." या वेळी तो हसला.

सर्दी झाली की आपण सगळेच घोरतो, त्याची काळजी नको. पण सर्दी नसतानाही रोज घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा सारखं पेंगणं, असं तुमचं किंवा तुमच्या भावंडाचं होत असेल तर घरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. आणि हो, रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघून पेंगत असाल, तर त्याला स्लीप स्टडी नको. मोबाईल बाजूला ठेवला की झालं! सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि त्याहून मोठ्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवीच.

आणि तुमच्या बाकावर कुणी पेंगत असेल, तर त्याला 'कुंभकर्ण' म्हणू नका. आधी विचारा, "काय रे, रात्री नीट झोप लागली नाही का?" विचाराल ना?