नर्सरी बघायला जाताय? वीस मिनिटं थांबा

इंग्लंडमध्ये बाळासाठी नर्सरी शोधताय? ऑफस्टेडचा रिपोर्ट वाचाच. पण तो तपासणीच्या दिवसापुरता असतो. नियमानुसार २ वर्षांखालच्या ३ मुलांमागे किमान १ कर्मचारी लागतो, तर २ वर्षांच्या ५ मुलांमागे १. सप्टेंबर २०२३ पूर्वी तिथे ४ मुलांमागे १ लागायचा. हे आकडे मोजायला सोपे, पण ते झालं किमान. मुलाच्या वाढीला लागतो तो माणसांशी होणारा संवाद, आणि तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

म्हणून वीस मिनिटं कोपऱ्यात बसू द्या, असं सांगा. मूल रडलं तर कोण, किती वेळात जवळ येतं? मुलाने बोट दाखवलं, की ताई त्यावर बोलते आणि त्याच्या उत्तरासाठी थांबते का, की नुसत्याच सूचना? प्रत्येक मुलाला ‘की पर्सन’ नेमणं सक्तीचं आहे. ती रजेवर असली तर कोण, हे विचारा. कर्मचारी किती काळ टिकतात, तेही.

आणखी एक. तुमचं मूल ‘पाणी’ म्हणालं, तर तिथे कुणाला कळेल? घरच्या भाषेला वाव मिळावा म्हणून वाजवी प्रयत्न करणं नर्सरीला बंधनकारक आहे. दहा मराठी शब्द लिहून द्या. त्यांचं ते काय करतात, यावरूनही बरंच कळेल. कारण दीड वर्षाचं मूल घरी येऊन काही सांगू शकत नाही.