यकृताचे ‘क्लिअरन्स’ आणि आपला ताडीचा रुग्ण

वर्षानुवर्षे ताडी पिणारा रुग्ण एक-दोन दिवस ती बंद होताच थरथरू लागतो, असंबद्ध बोलतो, कधी झटकेही येतात. डोळे पिवळे, पोटात पाणी. अशा रुग्णाला शांत करण्यासाठी कोणते औषध द्यावे आणि किती, हा प्रश्न भैंसा परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तेलंगणात ताडीमध्ये डायझेपाम, अल्प्राझोलाम व क्लोरल हायड्रेट मिसळण्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये भेसळीविरुद्ध कारवाई होऊन अशी ताडी मिळेनाशी झाली, तेव्हा हीच लक्षणे घेऊन अनेक जण रुग्णालयांत दाखल झाले होते. म्हणूनच यकृत रक्तातून एखादा पदार्थ किती वेगाने दूर करते, ही बाब आपल्यासाठी केवळ पाठ्यपुस्तकी नाही.

एसजीपीटी काय सांगते?

एसजीपीटी वाढले म्हणजे यकृतपेशींना इजा होत आहे, एवढेच कळते. शिल्लक पेशी किती काम करू शकतात, हे त्यावरून कळत नाही. जुनाट सिऱ्हॉसिसमध्ये एसजीपीटी जवळजवळ सामान्य असू शकते. कारण इजा होण्याजोग्या पेशीच थोड्या उरलेल्या असतात. जळणाऱ्या घराचा धूर पाहून आत किती धान्य उरले आहे, हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

क्लिअरन्स म्हणजे काय?

एका मिनिटात जेवढे रक्त एखाद्या पदार्थापासून पूर्णपणे मुक्त होते, तेवढे त्या पदार्थाचे क्लिअरन्स. यकृतातून मिनिटाला सुमारे १५०० मिलिलिटर रक्त वाहते. त्यातील पदार्थाचा ७० टक्के भाग यकृताने उचलला, तर क्लिअरन्स १०५० मिलिलिटर झाले. म्हणजे रक्तप्रवाह आणि उचलण्याचे प्रमाण यांचा हा गुणाकार होय.

यातून औषधांचे दोन गट पडतात. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे यकृत पहिल्याच फेरीत मोठ्या प्रमाणावर उचलते. सिऱ्हॉसिसमध्ये पोर्टल रक्त यकृताला वळसा घालून जाते. परिणामी तोंडावाटे दिलेल्या मात्रेचा कितीतरी मोठा भाग थेट रक्तात उतरतो. डायझेपामसारखी औषधे मात्र यकृत हळूहळू उचलते; तेथे रक्तप्रवाहापेक्षा पेशींतील एन्झाइमांची क्षमता महत्त्वाची ठरते.

मोजमापाचे प्रयत्न

१९२५ मध्ये रोझेन्थाल व व्हाइट यांनी ब्रोमसल्फालिन या रंगाची चाचणी मांडली. रंग शिरेतून देऊन ठरावीक वेळाने रक्तात किती उरला, हे पाहावयाचे. १९४५ मध्ये ब्रॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतशिरेत कॅथेटर घालून याच रंगाच्या साहाय्याने यकृतातील रक्तप्रवाह मोजला. तीव्र अ‍ॅलर्जीच्या भयामुळे पुढे ही चाचणी मागे पडली आणि इंडोसायनिन ग्रीन आले. निरोगी माणसात पंधरा मिनिटांनंतर या रंगाचा दहा टक्क्यांहून कमी अंश रक्तात उरतो. यकृताचा भाग कापून काढण्यापूर्वी शल्यविशारद आजही ही चाचणी वापरतात. तथापि कोणतीही एक चाचणी सर्व औषधांना लागू पडत नाही. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स आहे, तसा यकृतासाठी एकच आकडा नाही.

डायझेपामचा धडा

१९७५ मध्ये क्लोट्झ व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींमध्ये डायझेपामचे अर्धायुष्य सुमारे ४७ तास, तर सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत सुमारे १०६ तास आढळले. क्लिअरन्स मिनिटाला सुमारे २७ मिलिलिटरवरून १४ वर आले होते, म्हणजे जवळपास निम्मे.

याचा व्यावहारिक अर्थ पाहा. रोज तीच मात्रा दिली, तर रक्तातील पातळी स्थिर होण्यास साधारण पाच अर्धायुष्ये लागतात. निरोगी माणसात हे सुमारे दहा दिवस, सिऱ्हॉसिसमध्ये सुमारे बावीस दिवस. आणि अखेरची पातळी जवळजवळ दुप्पट. पहिल्या आठवड्यात बरा वाटणारा रुग्ण तिसऱ्या आठवड्यात गुंगीत जातो आणि आपण तिला यकृतजन्य बेशुद्धी समजतो. दोष आजाराला दिला जातो, साचलेले औषध मात्र सुरूच राहते.

लोराझेपाम व ऑक्झाझेपाम ही औषधे ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडली जाऊन बाहेर पडतात. ही क्रिया सिऱ्हॉसिसमध्ये बरीच टिकून राहते आणि मागे क्रियाशील अंशही उरत नाही. म्हणून अशा रुग्णात त्यांची निवड अधिक सुरक्षित.

आपल्या हाती काय आहे?

रंगाची चाचणी आपल्याकडे नसली, तरी चाइल्ड-पग गुणांकन आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम, जलोदर व मानसिक स्थिती या पाचांवरून ५ ते ६ गुण ‘अ’, ७ ते ९ ‘ब’ आणि १० ते १५ ‘क’ वर्ग ठरतो. हे क्लिअरन्सचे मोजमाप नव्हे, पण सावधगिरीची पातळी त्यावरून ठरविता येते.

‘ब’ आणि ‘क’ वर्गात मात्रा कमी, अंतर अधिक आणि प्रत्येक मात्रेपूर्वी रुग्णाची शुद्ध तपासणे, हा नियम ठेवावा. आधीच संभ्रमित असलेल्या रुग्णास गुंगीचे औषध विशेष विचारानेच द्यावे व त्यास मोठ्या रुग्णालयात पाठविण्यास विलंब करू नये. ताडी पिणाऱ्यास ती केव्हापासून व किती, हे विचारावे. बंद केव्हा झाली, हेही विचारावे. ताडीबरोबर पोटात गेलेले डायझेपाम अद्याप त्याच्या रक्तात असू शकते. आपण लिहिलेली पहिली मात्रा ही त्याच्या यकृताच्या दृष्टीने कदाचित पहिली नसतेच.