वाट दिसते, तरी थांबावे

आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा फौजेत आहे. त्याची नेमणूक काश्मीरच्या पहाडात आहे. एका जानेवारीत त्याने आईला फोन केला. "रजा मिळाली, पण बर्फ फार पडलाय. दोन-तीन दिवस खाली सोडणार नाहीत."

ती माउली आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, तिकडं आता ऊन पडलंय म्हणतो. वाट दिसतीय म्हणतो. मग पोराला अडवून का ठेवलंय?"

प्रश्न रास्त होता. आम्ही तिला जे सांगितले, तेच येथे सांगतो.

डोंगरावरचा बर्फ एकदम पडत नाही. आज थोडा पडतो, आठ दिवसांनी आणखी पडतो. असे थरावर थर बसतात. भिंतीला सारवणावर सारवण चढते, तसेच हे. पण सगळे थर सारखे नसतात. एखादा थर घट्ट असतो, तर एखादा भुसभुशीत.

हा भुसभुशीत थर कसा होतो? बर्फाखालची जमीन त्यामानाने ऊबदार असते. वरची हवा मात्र कडाक्याची थंड असते. त्यामुळे खालच्या बर्फाची वाफ वर सरकते. बर्फाचे कण मोठे आणि सुटे होतात. हातात घेतले तर साखरेसारखे ओघळतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत.

अशा कच्च्या थरावर नवा बर्फ पडला, की वरचा बोजा वाढतो. वाराही एका बाजूचा बर्फ उडवून दुसऱ्या बाजूला आणून टाकतो. मग एका माणसाच्या पावलानेही खालचा थर मोडतो. वरची अख्खी लादी सुटते आणि खाली धावते. यालाच हिमस्खलन म्हणतात. पुष्कळदा सापडणाऱ्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या भारानेच ती लादी सुटते.

कोणता उतार धोक्याचा? सपाट जमीन म्हणजे ० अंश आणि उभी भिंत म्हणजे ९० अंश. ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत वाईट. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो. फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही, थोडा थोडा गळून जातो. पण सपाटीवरचा माणूसही निर्धास्त नाही. वरून सुटलेला लोट खालच्या सपाटीपर्यंत येतो.

बर्फ धोक्याच्या खुणाही देतो. शेजारच्या उतारावरून लोट आलेला दिसतो. चालताना पायाखाली 'धप्प' असा आवाज होतो. बर्फाला लांब चीर जाते. मोठा बर्फ पडून एक-दोन दिवसच झालेले असतात. किंवा एकाएकी ऊब वाढते. अशा वेळी त्या उतारावर जाऊ नये. जावेच लागले, तर एका वेळी एकानेच जावे. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून लक्ष ठेवावे.

गाडला गेलेला माणूस बहुधा श्वास कोंडून मरतो. लोट थांबताच बर्फ इतका घट्ट बसतो, की हातही हलत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर पुष्कळ जण वाचतात. अर्धा तास गेला, तर थोडेच वाचतात. म्हणून जाणते लोक अंगावर खूण देणारे यंत्र बांधतात. जवळ लांब सळई आणि फावडे ठेवतात. मदत बाहेरून येईपर्यंत उशीर होतो. सोबत्यांनीच उकरावे लागते.

शिकलेल्या माणसांनाही हा बर्फ सोडत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का दांडा या शिखराजवळ असा लोट आला. गिर्यारोहण शिकणारे आणि शिकवणारे त्यात सापडले. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही.

म्हणून ऊन पडले आणि वाट दिसली, एवढ्याने वाट मोकळी झाली असे समजू नये. वरचा पांढरा बर्फ दिसतो, आतला कच्चा थर दिसत नाही. आपल्यापैकी कोणी काश्मीरला किंवा मनालीला फिरायला गेले आणि तिथली माणसे 'थांबा' म्हणाली, तर थांबावे. त्यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे.

त्या माउलीने सारे ऐकून घेतले. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग बसू दे त्याला तिथंच. रजेचं काय, पुन्हा मिळंल."