डेमोतला आवाज

अमेरिकेत, कंट्री संगीताच्या नॅशव्हिल शहरात, गाणं लिहिणं ही नोकरी असते. म्युझिक रो नावाच्या भागात गीत-प्रकाशन कंपन्यांच्या खोल्या आहेत. दोघं-तिघं गिटार घेऊन आत बसतात आणि बहुतेकदा गाणं पुरं करूनच उठतात. कंपनी उचल देते, ती पुढे रॉयल्टीतून वळती होते. मग त्या गाण्याचा डेमो, म्हणजे कच्चं ध्वनिमुद्रण, नामवंत गायकांकडे फिरतो. ज्याला आवडलं, गाणं त्याचं. लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात.

क्रिस स्टेपल्टन २००१ मध्ये या धंद्यात शिरला. केंटकीच्या कोळसापट्ट्यातला, वडील खाणीत कामाला. इंजिनिअरिंग शिकायला घेतलं होतं, ते अर्ध्यावर सोडलं. जॉश टर्नरचं ‘युअर मॅन’ लिहिण्यात त्याचा हात होता. केनी चेस्नी, जॉर्ज स्ट्रेट, ल्यूक ब्रायन यांनीही त्याची गाणी गाजवली. ‘स्टीलड्रायव्हर्स’ या ब्लूग्रास चमूत तो काही वर्षं गायला. तिथलं त्याचं एक गाणं पुढे अ‍ॅडेलनेही म्हटलं. त्याचे डेमो मात्र शहरात चवीने ऐकले जात. गाणं दुसऱ्यासाठी आणि कान मात्र डेमोवाल्याच्या गळ्याकडे, अशी गंमत.

२०१३ मध्ये एका मोठ्या कंपनीने त्याचं स्वतःचं पहिलं गाणं काढलं. ते आपटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात वडील गेले. त्यानंतर पत्नी मॉर्गनने त्याच्यासाठी १९७९ सालची जुनी जीप विकत घेतली. दोघं विमानाने फिनिक्सला गेले आणि ती जीप चालवत नॅशव्हिलला परतले. वाटेत, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, ‘ट्रॅव्हलर’ हे गाणं सुचलं. अल्बमलाही तेच नाव मिळालं.

ध्वनिमुद्रण आरसीए स्टुडिओ ए मध्ये झालं. साठच्या दशकातली ही वास्तू. २०१४ मध्ये पाडली जाणार होती, संगीतकारांनी आरडाओरडा केला म्हणून वाचली. निर्माता डेव्ह कॉब. वादक एकाच खोलीत बसून, एकमेकांकडे बघत वाजवत होते. मॉर्गनचा साथीचा सूर जवळजवळ सगळीकडे आहे.

‘टेनेसी व्हिस्की’ हे गाणं त्याचं नाहीच. डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांनी लिहिलेलं, १९८३ मध्ये जॉर्ज जोन्सने गाजवलेलं. स्टेपल्टनने त्याची चाल संथ केली: दादऱ्यासारख्या सहा मात्रा, जवळजवळ दोनच कॉर्ड, पुढे-मागे झुलणारे. जोन्सच्या गाण्यातला कंट्रीपणा इथे थेट सोल संगीताकडे वळतो. साथ इतकी विरळ, की गळ्याला जागाच जागा. एकेका शब्दावर तो मुरक्या घेत उतरतो, आवाज मुद्दाम फाटू देतो आणि अगदी वेळेवर सावरतो. कंट्री गाणं म्हणजे टोपी, ट्रक आणि बिअर अशी आपली समजूत असते, आणि त्या काळचा रेडिओ ऐकला तर ती फार चुकीचीही नव्हती. म्हणून आधी हे एक गाणं ऐकावं. ‘व्हिस्की अँड यू’ त्यानंतर: नुसती गिटार आणि गळा. हे मात्र लिहिण्यात त्याचाच हात, आणि टिम मॅकग्रॉने ते आठ वर्षं आधीच गायलं होतं. दोघांचं लागोपाठ ऐकलं की डेमोवाल्याने इतकी वर्षं काय देऊन टाकलं, ते कळतं.

५ मे २०१५ ला अल्बम आला. बिलबोर्डच्या मुख्य यादीत चौदाव्या क्रमांकावर उतरला आणि हळूहळू यादीबाहेर गेला. ४ नोव्हेंबरच्या रात्री कंट्री म्युझिक असोसिएशनच्या सोहळ्यात स्टेपल्टन जस्टिन टिंबरलेकसोबत गायला. शेजारी मॉर्गन, तिच्या त्याच साथीच्या सुरात. दूरचित्रवाणीवर जेमतेम आठ मिनिटं. पुढच्या यादीत ‘ट्रॅव्हलर’ थेट पहिला.

त्या रात्री त्याला तीन पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट अल्बम, सर्वोत्कृष्ट गायक आणि, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्या गावात चौदा वर्षं गाणी लिहून झाल्यावर, सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार.