निष्कलंक सूर्याचे छायाचित्र

सूर्यबिंबावर एकही डाग नसताना त्याचे छायाचित्र घेण्यात हशील काय, हा प्रश्न सौरचक्राच्या मंद काळात हौशी छायाचित्रकाराला हटकून विचारला जातो. २००८ व २००९ या लागोपाठच्या दोन वर्षांत, आणि पुन्हा २०१९ मध्ये, वर्षाचे अडीचशेहून अधिक दिवस सूर्य निष्कलंक होता. अशा दिवशी हाती येते ते केवळ एक कोरे वर्तुळ, कडेकडे किंचित मंदावत गेलेले. कालचे कोणते व आजचे कोणते हे ओळखू येऊ नये इतके सारखे. पुष्कळजण या काळात दूरबीण झाकून ठेवतात. तथापि, सौरचक्राचा शोध मुळात ज्या टिपणांतून लागला, त्यांत कोऱ्या दिवसांचे मोल डागांच्या दिवसांहून कमी नव्हते.

जर्मनीतील डेसाऊ येथील हाइनरिश श्वाबे हा पेशाने औषधविक्रेता. १८२६ पासून तो नित्यनेमाने सूर्य पाहू लागला, तो बुधाच्या कक्षेच्या आत फिरणारा एखादा ग्रह बिंबावरून सरकताना सापडावा या आशेने. ग्रह सापडला नाही. परंतु १८४३ च्या अखेरीस, डागांच्या संख्येत सुमारे दहा वर्षांचे आवर्तन असावे, असे त्याने सुचविले. त्याच्या कोष्टकात डागांच्या समूहांची संख्या आहे, निष्कलंक दिवसांची आहे, आणि निरीक्षणाच्या एकूण दिवसांचीही आहे. १८२८ मध्ये त्याने २८२ दिवस सूर्य पाहिला व एकही दिवस डागांवाचून गेला नाही. १८३३ मध्ये २६७ दिवसांपैकी १३९ दिवस बिंब कोरे होते. यांतील निरीक्षणाच्या दिवसांचा आकडा गाळला, तर निष्कलंक दिवसांच्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

‘पाहिले, पण नव्हते’ आणि ‘पाहिलेच नाही’ या दोन विधानांतील हे अंतर आहे. व्याकरणाच्या अभ्यासकाला ते नवे नाही. पाणिनीय परंपरेत प्राप्त असलेल्याच्या अदर्शनाला लोप म्हणतात. जेथे काही येण्याचा प्रसंगच नव्हता तेथे लोपाची भाषा संभवत नाही. सूर्याच्या इतिहासात मात्र या दोहोंची गल्लत झालेली आहे. हॉइट व शॅटन यांनी १९९८ मध्ये जुनी निरीक्षणे एकत्र करून डागसमूहांची जी मालिका सिद्ध केली, तिच्यात सतराव्या शतकातील काही निरीक्षकांच्या ‘या काळात डाग दिसले नाहीत’ अशा ढोबळ विधानांवरून महिनोन् महिने शून्ये भरली गेली. १६४५ ते १७१५ या प्रदीर्घ शांत काळाचा विचार करताना पुढील संशोधकांना ही शून्ये एकेक करून पारखावी लागली.

शून्याची दुसरी बाजूही तितकीच नाजूक आहे. स्विस खगोलज्ञ रूडॉल्फ वोल्फ याने घालून दिलेल्या पद्धतीत समूहांच्या संख्येची दहापट करून तीत सुट्या डागांची संख्या मिळवितात. त्यामुळे एकच बारीक ठिपका दिसला तरी, निरीक्षकाचा गुणक लावण्यापूर्वी, आकडा शून्यावरून एकदम ११ वर जातो. मधली पायरीच नाही. म्हणून शांत काळात सारी कसोटी त्या एका ठिपक्याची. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील धुळीचा कणही हुबेहूब असाच दिसतो. बिंब चौकटीत थोडे सरकवून दुसरे चित्र घेतले की उलगडा होतो: धूळ चौकटीत जागच्या जागी राहते, डाग सूर्याबरोबर सरकतो. सूर्यपृष्ठाच्या कणिकांमधील काळसर फटही फसविते. पण कणिकांचे आयुष्य आठ-दहा मिनिटांचे, तेव्हा अर्ध्या तासाने घेतलेल्या चित्रात ती फट तशीच राहत नाही. सर्वांत अवघड फसगत छायाचित्रकार स्वतःच ओढवून घेतो. शेकडो चित्रे एकत्र करून ती संगणकावर प्रमाणाबाहेर रेखीव केली, म्हणजे नसलेले ठिपकेही उमटू लागतात.

कोऱ्या बिंबावर दूरबिणीचे केंद्रण साधणे हेही सोपे नव्हे, कारण नजर रोवावी असे काही तेथे नसते. प्रथम बिंबाची कड धरावी व मग कणिका उमटेपर्यंत बारीक फेर करावा लागतो. कणिका सुमारे हजार किलोमीटर रुंद असतात. शंभर मिलिमीटर व्यासाच्या दूरबिणीला त्या जेमतेम पेलतात, आणि त्याही जमीन तापून हवा थरथरू लागण्यापूर्वी, सकाळच्या वेळी. ध्रुवांजवळचे बारीक तेजस्वी ठिपके तर याच काळात अधिक आढळतात. नव्या चक्राचे पहिले डाग विषुववृत्तापासून दूर, वरच्या अक्षांशांवर उमटतात, म्हणून चित्राबरोबर सूर्याच्या उत्तर दिशेची नोंद असलीच पाहिजे. (सूर्याचा फिल्टर दूरबिणीच्या पुढच्या तोंडावरच बसवावयाचा, हे किती वेळा सांगितले तरी अधिक होत नाही, नेत्रिकेपाशी बसविलेली काच उष्णतेने तडकते व डोळा जातो.)

महाराष्ट्रातील छायाचित्रकाराच्या वहीत जून ते सप्टेंबरची पाने बहुधा रिकामी राहतात. त्या रकान्यांत ‘ढग’ असे लिहावयाचे, शून्य नव्हे.